पहिला ट्रेलर हाती यायच्या आधी

मी ट्रेलर चालवत नाही, लावते. पोरला हायवेच्या कडेला आमचं यार्ड आहे आणि तिथल्या पत्र्याच्या ऑफिसात गेली अकरा वर्षं माझं टेबल. (पोर हे बडोद्याच्या दक्षिणेचं गाव. पुण्याच्या नातेवाइकांना वाटतं मी पोरं सांभाळते. तेही फारसं चूक नाही.) कोणत्या घोड्याला (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला) कोणता ट्रेलर जोडायचा, सुरतजवळच्या हजिऱ्याला कोण जाणार, हालोलचा माल कुणाच्या गाडीवर चढणार, हे रोज सकाळी मी ठरवते. लाइनवर सगळे मला बेन म्हणतात.

महिन्याकाठी पाच-सहा मुलं दारात उभी राहतात. "बेन, हेवीचं लायसन्स आहे, गाडी द्या." बहुतेकांना चहा पाजून परत पाठवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा असाच आला, त्यालाही परत पाठवलं. बहीण महिनाभर बोलली नाही. आज तो आमच्याच यार्डात पगारावर आहे. मधल्या काळात त्याने काय केलं आणि इथे बसून मी काय बघते, ते लिहून ठेवते.

कंटेनर चालवणाऱ्याच्या मागे लोखंडी पेटी असते, दाराला सील असतं, चार कोपऱ्यांत लॉक फिरवले की झालं. फ्लॅटबेडला, म्हणजे आमच्या बोलीत हाय-बेडला, यातलं काही नाही. चाळीस फुटांचा सपाट पाट, ना डाला ना छप्पर. त्यावर कधी स्टीलची कॉइल, कधी प्लेटा, कधी पाइप, कधी माणसापेक्षा उंच केबल ड्रम. तो माल तुम्ही बांधलेल्या साखळीवर आणि ठोकलेल्या पाचरीवर उभा असतो. त्यामुळे या लाइनला ड्रायव्हरचं निम्मं काम गाडी उभी असताना होतं. "किती किलोमीटर चालवलंय?" हा प्रश्न मी नव्या मुलाला विचारतच नाही. "काय काय बांधलंयस?" एवढंच विचारते.

भाच्याला तेव्हा याचं उत्तर नव्हतं. त्याच्याकडे अमेरिकन ट्रकवाल्यांचे व्हिडिओ मात्र पुष्कळ होते.

लायसन्सचं आधी उरकून टाकू, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ट्रान्सपोर्टची गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं आणि त्याचं शिकाऊ लायसन्स मिळायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर हातात असावं लागतं. डॉक्टरचा फॉर्म १-अ आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. सरकारमान्य ट्रेनिंग सेंटरमध्ये हेवीचा कोर्स सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा असतो. जमलं तर तोच करा. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं, तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, पण वाचता यायलाच हवं. का ते पुढे येईल. आणि नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं कात्रण घेऊन येऊ नका. हलक्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची गाडी चालते असं त्यात आहे, पण ती ७,५०० किलोपर्यंतची. आमची सहा एक्सलची गाडी भरून ५५ टनांची होते.

आता नोकरी शोधायची कुठे? बहुतेक मुलं इथेच चुकतात, कारण ती दलालाकडे जातात. दलालाकडे माल असतो, गाडी नसते. त्याला तुमचा उपयोग नाही. फार मोठ्या कंपनीकडेही पहिल्या फेरीत जाऊ नका. तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात आणि गेटवरचा माणूस आत सोडत नाही. दहा ते तीस ट्रेलर असलेला मालक शोधा. त्याच्याकडे एकदोन ड्रायव्हर कायम गावी गेलेले असतात, एखादा लग्नात अडकलेला असतो आणि यार्डात एक घोडा उभा राहून हप्ता खात असतो. असे मालक बडोद्याच्या चारी अंगांना आहेत: पोर आणि मकरपुऱ्याकडे, वाघोडियाच्या रस्त्याला, सावलीजवळ मंजुसरला, वर रणोलीकडे. गोल्डन चोकडीला किंवा कपुराईला ट्रेलर उभे असतात तिथे एक दुपार काढा. घोड्याच्या दारावर मालकाचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो. पण नंबर टिपण्याआधी टायर बघा, मागचे दिवे बघा, पाटावर साखळ्या कशा ठेवल्यात ते बघा. साखळ्या पेटीत नीट गुंडाळलेल्या असतील तर तो मालक पगारही वेळेवर देत असणार, असा माझा हिशेब आहे. तो क्वचितच चुकतो.

जवळच्या जवळची लाइन हवी असेल तर मालकाचा माल कुठून कुठे जातो ते त्याच्या ड्रायव्हरला विचारा. हजिऱ्याहून स्टील उचलून बडोदा, हालोल, अहमदाबादला; दहेजला मशिनरी; बडोद्याहून केबल ड्रम आणि ट्रान्सफॉर्मरचे भाग. अशा लाइनवर माणूस दोन-तीन रात्रींत घरी येतो. मुंद्रा-कांडल्याची लाइन त्याहून लांब, आणि दक्षिणेत गेलेला ड्रायव्हर परतीच्या मालासाठी किती दिवस बसेल याचा भरवसा नाही. पहिल्या वर्षी छोटी लाइनच घ्या. कारण पैशाचं नाही. छोट्या लाइनवर आठवड्यात तीन वेळा माल चढतो, तीन वेळा उतरतो, म्हणजे तीन वेळा बांधायला मिळतं. लांबच्या लाइनवर एकदा बांधलं की चार दिवस नुसतं स्टिअरिंग.

मराठी मुलांना इथे एक गोष्ट फुकट मिळते आणि ती वापरायचं त्यांना सुचत नाही. बडोद्याहून चाकण, भोसरी, वाळूजला माल जातो. तिथल्या गेटवर, वजनकाट्यावर, रात्रीच्या वॉचमनशी मराठीत बोलणारा ड्रायव्हर आमच्या कामाचा असतो. शेठशी गुजराती, वस्तादाशी हिंदी आणि चाकणच्या गेटवर मराठी, अशा तीन भाषा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पोराला जन्मजात येतात. फोनवर ते सांगा.

फोन सकाळी नऊ ते अकरा करू नका. त्या वेळी माझ्या एका कानाला कंपनीचं डिस्पॅच असतं आणि दुसऱ्या कानाला ड्रायव्हर. दुपारी तीननंतर करा. "गाडी द्या" म्हणू नका. असं बोला: "नमस्ते बेन, मी अमुक, वाडीत राहतो. हेवीचं लायसन्स अमुक सालचं, आठ महिने डंपरवर होतो. ट्रेलर बांधायला शिकायचंय. दुसरा माणूस म्हणून ठेवा, तीन महिने." या शेवटच्या वाक्यावर मी पेन हातात घेते. दुसरा माणूस म्हणजे क्लीनर-कम-ड्रायव्हर. पैसे कमी, काम जास्त, रात्री पाटावर चढून ताडपत्री ओढायची. मुलांना यात कमीपणा वाटतो. हातात लायसन्स आहे, मग खलासी कशाला व्हायचं? कारण बांधणी कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत, ती वस्तादाच्या मागे उभं राहूनच येते.

यार्डातली परीक्षा

आमचे वस्ताद पंचमहालचे. तीस वर्षं ट्रेलरवर काढली, आता गुडघे गेले म्हणून यार्ड बघतात. नवा मुलगा आला की ते त्याला घोडा आणि भरलेला ट्रेलर दाखवतात, किल्ली देतात आणि म्हणतात, "चाल दीकरा, पाछळ ले." मागे घे.

माझा भाचा किल्ली घेऊन सरळ केबिनमध्ये चढला. सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला, सगळं व्यवस्थित. त्याने रिव्हर्सही बरा घेतला असता. पण वस्तादांनी हाताने खूण केली: उतर. परीक्षा तिथेच संपली. त्या ट्रेलरवर त्यांनी मुद्दाम दोन खोड्या करून ठेवल्या होत्या. मागची साखळी सैल सोडली होती आणि ट्रेलरच्या डाव्या पायाखालचा लाकडी ठोकळा तसाच ठेवला होता. (घोडा नसताना ट्रेलर पुढून ज्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो, त्यातला डावा.) गाडीभोवती एक फेरी मारली असती तर दोन्ही दिसलं असतं.

फेरी कशी मारायची ते सांगते, कारण आमच्याकडे यावरच नोकरी मिळते. सुरुवात जोडापासून. घोडा ट्रेलरखाली घुसून किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या तळाची जाड खुंटी, घोड्याच्या पाठीवरच्या जबड्यात अडकली की "खट" आवाज येतो. त्या आवाजावर विश्वास ठेवू नका. टॉर्च घेऊन वाका आणि जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का ते डोळ्यांनी बघा. घोड्याच्या पाठीवरच्या सपाट टेबलात आणि ट्रेलरच्या प्लेटीत फट दिसता कामा नये. मग ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवून पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून बघा. ब्रेकच्या हवेचे लाल आणि पिवळा पाइप बसलेत का, हवा गळतीय का, ते कानाने. पाय पूर्ण वर. त्यानंतर टायर, दिवे, आणि मग माल.

साखळीची परीक्षा वस्ताद हाताने करत नाहीत. त्यांच्याकडे दीड फुटाचा लोखंडी रॉड आहे, तो ते प्रत्येक साखळीवर मारत जातात. ताणलेली साखळी "टण्" म्हणते आणि थरथरते. सैल साखळीचा आवाज मेलेला येतो, पत्र्याच्या डब्यात खडा पडल्यासारखा. अकरा वर्षांत मलाही ऑफिसात बसून तो फरक कळायला लागलाय.

कॉइल ही सगळ्यांत वाईट. वीस टनांचं चाक, आणि त्याला गडगडायचंच असतं. दोन्ही अंगांनी लाकडी पाचरी घट्ट, त्या सरकू नयेत म्हणून खाली आडवं लाकूड, आणि साखळ्या कॉइलच्या डोळ्यातून (मधल्या भोकातून) काढून पुढे-मागे तिरक्या. साखळी जिथे काठाला घासते तिथे रबर किंवा जाड कापड. स्टीलचा काठ बांधणीचा पट्टा, म्हणजे बेल्ट, सुरीसारखा कापतो. केबल ड्रम उभाच ठेवायचा, कधीही आडवा नाही, नाहीतर आतली केबल चेपते. पाइपांना दोन्ही बाजूंनी खुंटे लागतात, आणि वरचा थर खालच्या थरापासून वेगळा बांधावा लागतो. ताडपत्री पुढून मागे नाही, मागून पुढे चढवायची. मग पुढचा पदर मागच्यावर येतो आणि वारा आत शिरत नाही. जूनच्या पहिल्या पावसात याचा विसर पडलेली गाडी मी करजणच्या पलीकडून परत बोलावली आहे.

किती बांधायचं? इकडे ते सगळं वस्तादाच्या अंदाजावर चालतं. भाच्याचे अमेरिकन व्हिडिओ इथे मात्र कामाला आले. तिकडचा नियम सरळ आहे: सगळ्या बांधणीची मिळून क्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नको. बेल्टच्या लेबलवर अडीच टन असतील आणि माल वीस टन असेल, तर चार बेल्ट हा तळ झाला. शिवाय निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरच्या आत, थांबून उतरून बघायचं, आणि पुढे दर तीन तासांनी किंवा दीडशे मैलांनी. साखळी नवीन असो की जुनी, पहिल्या टप्प्यातच माल बसतो आणि ती ढिली पडते. वस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आम्ही चहाला थांबतो तेव्हा तेच करतो, मैल मोजत नाही.

कागद आणि काटा

गेटबाहेर पडायच्या आधी बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्ट पावती), ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि वजनकाट्याची पावती स्वतः वाचा. ऑफिसातली बाई चुकत नाही असं समजू नका. मी चुकलेय. ऐनवेळी घोडा बदलला आणि ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा मी जुन्याच गाडीचा ठेवला. ड्रायव्हर नवा होता, त्याने कागद घडी घालून खिशात टाकले. रात्री दीडला तपासणीत थांबवला. एकदोन आकड्यांच्या चुकीला नियमाने केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे एवढाच दंड आहे, पण ते सिद्ध करायला सकाळ उजाडली आणि त्या पोराने रात्र केबिनमध्ये घाबरून काढली. चूक माझी होती. तरी तेव्हापासून दुसऱ्या माणसाकडून मी कागद मोठ्याने वाचून घेते. वाचता यायला हवं म्हटलं ते यासाठी. ई-वे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस चालतं, हेही ध्यानात ठेवा. गाडी बिघडून अडकली तर मुदत संपायच्या आत ऑफिसला फोन करा, नंतर नाही.

काट्याचं गणित पाठ करा, मुलाखतीत विचारतात. पुढचा एक्सल ७ टन, घोड्याचे मागचे दोन मिळून २१, ट्रेलरचे तीन मिळून २७. बेरीज ५५. हे २०१८ पासूनचे आकडे. एकूण वजन बरोबर असूनही कॉइल फार पुढे ठेवली तर घोड्याचे एक्सल भरून जातात, म्हणून लोडिंगच्या वेळी क्रेनवाल्याला जागा दाखवायचं काम तुमचं. जास्त वजनाला २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० दंड; माल बाजूने किंवा मागे बाहेर आलेला असेल तर २०,०००. मालक म्हणाला "चालतंय, घेऊन जा", तर चलन कोण भरणार ते त्याच क्षणी विचारा.

रस्ताही माहीत हवा. जांबुवा, पोर, बामणगाव इथले अरुंद पूल आणि त्यांची रांग तुम्हाला भेटणारच. तिथे बाजूने घुसणारा नवा ड्रायव्हर ओळखू येतो. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळचा गंभीरा पूल मही नदीत कोसळला. गाड्या खाली गेल्या, माणसं गेली, आणि एक टँकर तुटलेल्या कडेवर लटकत राहिला. त्यानंतर त्या बाजूची जड वाहनं वासदकडून वळली. ट्रेलरवाल्याने मोबाइलचा नकाशा दाखवेल तो रस्ता कधीच धरू नये. कोणत्या पुलावर जड वाहन बंद आहे ते आदल्या रात्री लाइनवरच्या ड्रायव्हरला विचारा.

गुजरातेत आणखी एक आहे. दाहोदकडून किंवा दमणकडून येताना ढाब्यावर कुणीतरी गोड बोलून म्हणेल, ही एक पेटी बडोद्यात माझ्या भावाला द्या. दारूबंदीत गाडी जप्त होते आणि आत ड्रायव्हर जातो, भाऊ नाही. नाही म्हणा आणि गाडी सुरू करा.

हो म्हणण्याआधी

मालक पसंत पडला तरी लगेच हो म्हणू नका. पगार आणि भत्ता वेगळे विचारा. भत्ता दिवसाला, ट्रीपला की किलोमीटरला? कंपनीच्या गेटवर दोन दिवस खाली व्हायला लागले तर त्या दिवसांचं काय? मालक कंपनीकडून हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, घेतो, त्यातलं ड्रायव्हरपर्यंत काही येतं का? डिझेलचं ॲव्हरेज किती धरलंय, आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीचं वेगळं धरलंय का? दोन्हीला एकच आकडा धरणाऱ्या मालकाकडे महिनाअखेरीला तुमचे पैसे कापले जातील. विम्यात पगारी ड्रायव्हर धरलाय का, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे का, हे विचारायला लाजू नका. विचारणाऱ्याबद्दल माझं मत चांगलंच होतं. आणि झोपेचं विचारा: मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास होते, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही आठच आहेत. लाइनवर ते कुणी पाळत नाही, पण दुसरा ड्रायव्हर कोणत्या ट्रीपला देता एवढं तरी मालकाने सांगितलं पाहिजे.

मूळ लायसन्स कुणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू नका. भाच्याने तेच केलं होतं. माझ्याकडून परत गेल्यावर तो दुसऱ्या एका ठिकाणी दुसरा माणूस म्हणून लागला. बांधणी तिथे खरंच छान शिकला, पण मालकाने "सांभाळायला" म्हणून लायसन्स ठेवून घेतलं आणि सोडताना दोन महिन्यांचा भत्ता आणि लायसन्स दोन्ही अडकवलं. लायसन्स मिळालं, भत्ता बुडाला. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधलं दाखवा, मूळ कार्ड खिशात.

खर्चीचा हिशेब पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. टोल फास्टॅगमधून जातो, पण पंक्चर, क्रेनवाल्याचा चहा, लाकडाचे ठोकळे हे सगळं रोखीने जातं. माझ्यासमोर मळकी वही ठेवणारा मुलगा मला आवडतो. "बेन, साधारण दोन हजार झाले" म्हणणारा नाही.

चार महिन्यांनी भाचा परत आला. या वेळी आईला न सांगता. वस्तादांनी किल्ली पुढे केली, त्याने घेतली, खिशात टाकली आणि कोपऱ्यातला रॉड उचलला. मी खिडकीतून ऐकत होते. टण्, टण्, टण्, आणि मग तो डब्यातला खडा. तो वाकला, बाइंडर (साखळी आवळायचा दांडा) सोडला, एक कडी पुढे घेऊन पुन्हा आवळला. मग पायाखालचा ठोकळा काढून पेटीत टाकला. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली आणि चहाला गेले.

हजिऱ्याहून पहिली कॉइल घेऊन तो एकटा निघाला त्या रात्री मी घरी जागीच होते, पण फोन केला नाही. नव्या ड्रायव्हरला चालत्या गाडीत फोन करायचा नसतो. अकराच्या सुमाराला त्याचाच आला, अंकलेश्वरच्या अलीकडून.

"मावशी, ऐंशी झाले. उतरून बघितलं. मागची डावी एक कडी सैल होती, आवळली."

"पाचर?"

"जागेवर."

"डबा खाल्लास?"

"आता खातो."